जोन्स, मेरी कव्हर

(१ सप्टेंबर १८९७–२२ जुलै १९८७). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. मुलांच्या भीतीवर अभिसंधानाच्या तत्त्वानुसार केलेल्या उपचारांमुळे ती वर्तनोपचारपद्धतीची जननी मानली जाते. जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन्सटाउन येथे. व्हॅसर महाविद्यालयाची पदवी (१९१९) घेतल्यानंतर कोलंबिया विद्यापीठातून तिने १९२६ मध्ये पीएच्.डी. मिळविली.

भीती अभिसंधानाने निर्माण करता येते, हे जे. बी. वॉटसन व रोझली रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट नावाच्या बालकावरील प्रयोगातून दाखविले. ती घालविण्याचा प्रयत्न मात्र केला नाही. तो प्रश्न वॉटसनच्या मार्गदर्शनाखाली जोन्सने हाती घेतला.

पीटर हा सु. २ वर्षे १० महिन्यांचा मुलगा ससा, पांढरा उंदीर, केसाळ कोट, पिसे व कापूस यांना भीत असे. ही भीती प्रयोगातून उद्‌भवलेली नव्हती. प्रथम सशाला न भिणाऱ्या मुलांच्या संगतीत त्याला खेळू दिले. सुधारणा दिसू लागली असतानाच लोहितांग ज्वरामुळे त्याला रुग्णालयात ठेवावे लागले आणि तेथून परतताना एका मोठ्या कुत्र्याने झेप घेतल्याने तो पुन्हा पूर्वीइतकाच भिऊ लागला. नंतर जोन्सने त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचे खाद्य दिले व तो खात असताना पिंजऱ्यातील ससा, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतपतच, दररोज थोडा थोडा जवळ आणला. अखेरीस पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. कापूस, कोट व पिसे यांची भीतीही नाहीशी झाली. हे काम नाजूक असते. घाई झाल्यास अन्नाची गोडी सशाला लागण्याऐवजी सशाची भीती अन्नाला जडावयाची.

१९२४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लेखात तिने भीती घालविण्याच्या विविध उपायांची तुलना केली. भीतिदायक वस्तू नुसती दृष्टीआड ठेवणे, तिच्याविषयी गोड बोलून समजूत घालणे किंवा इतर मुलांकरवी चेष्टा होऊ देणे या घरोघरी चालणाऱ्या उपायांचा भरवसा देता येत नाही, असे तिला आढळले. निःसंशय यश आले ते प्रत्यक्ष अभिसंधान व इतर मुलांचे अनुकरण या दोहोंनाच.

मात्र पीटरला परतावयाचे होते ते मूल घराबाहेर जाऊ नये म्हणून ‘कोणीतरी पळवून नेईल’ असा धाक घालणाऱ्या आईकडेच. उपचाराची ही मर्यादा जोन्सने स्वतःच नोंदविली आहे.

या कार्याची पुढे सु. तीन दशके उपेक्षाच झाली. जोसेफ वोल्पीने १९५८ मध्ये आपली उपचारपद्धती ग्रंथरूपाने मांडल्यानंतर त्याचे महत्त्व ध्यानात आले. तोवर जोन्स बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात किशोरांच्या दीर्घकालीन विकासाच्या अध्ययनात रमली होती. लवकर व उशिरा वयात येणाऱ्या मुलांच्या व्यक्तिमत्त्वांतील फरकांविषयीचे तिचे संशोधन प्रसिद्ध आहे. १९७४ मधील एका लेखात तिने म्हटले, की तीन वर्षांच्या मुलाची भीती त्याच्या गुंतागुंतीच्या व्यक्तिमत्त्वापासून अलग काढून तिच्यावर उपचार करण्यात आता तिला समाधान वाटले नसते.