व्हिसाच्या खिडकीवरची सोवळेशाही

अमेरिकेच्या स्थलांतर खात्याचे २४ नोव्हेंबर १९७५ या तारखेचे एक पत्र आहे. रिचर्ड अ‍ॅडम्स हा फिलिपिन्समध्ये जन्मलेला अमेरिकन नागरिक आणि टोनी सुलिवन हा ऑस्ट्रेलियाचा. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे क्लेला रोरेक्स नावाच्या काउंटी क्लार्क बाईंनी त्या वर्षी एप्रिलमध्ये या दोघा पुरुषांना विवाहाचा परवाना दिला. लग्न लागले. मग कोणताही अमेरिकन नवरा आपल्या परदेशी बायकोसाठी करतो तसा रीतसर अर्ज अ‍ॅडम्सने केला. खात्याने तो फेटाळला. फेटाळताना असे कारण लिहिले की, अशा दोघांमध्ये खरेखुरे वैवाहिक नाते असू शकते हे अर्जदाराने सिद्ध केलेले नाही. ‘अशा दोघांमध्ये’ हे शब्द माझे आहेत. मूळ पत्रात तिथे समलिंगी पुरुषांसाठी रस्त्यावर वापरली जाणारी घाणेरडी शिवी आहे. सरकारी कागदावर, टाइप केलेली, खाली अधिकाऱ्याची सही.

आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. तलाठ्याच्या दप्तरात, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपल्या आज्या-पणज्यांची नावे कशी एकेरीत, कशी विद्रूप करून लिहिली गेली ते आपण पाहिले आहे. कागद तटस्थ नसतो. कागद लिहिणाऱ्या हाताला जात असते आणि त्याचा सोवळ्या-ओवळ्याचा हिशेबही असतो.

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचा हा हिशेब फार जुना आहे. त्यात आपल्या देशाचेही एक पान आहे, ते आंबेडकरी कार्यकर्त्याने मुद्दाम वाचावे. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंद यांचा खटला निकाली काढला. तेव्हा नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसाला आणि आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळत असे. थिंद जन्माने शीख, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले. त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? आम्ही उच्चवर्णीय हिंदू, शुद्ध आर्य रक्ताचे. विवाहाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू या देशातल्या मूळच्या रहिवाशांकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने गोरा अमेरिकन निग्रोकडे पाहतो. म्हणजे आम्हीही बेटीबंदी पाळतो, सबब आम्हाला आत घ्या! न्यायालयाने तरीही आत घेतले नाही, हा भाग वेगळा. पण त्याच अमेरिकेत, सातच वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला होता आणि सजातीय विवाहाचे बंधन हाच जातीचा प्राण आहे असे दाखवून दिले होते. एका भारतीयाच्या वतीने बेटीबंदी प्रमाणपत्र म्हणून न्यायालयात दाखल झाली, दुसऱ्याने तिचे शवविच्छेदन केले.

कोण कोणाशी लग्न करू शकतो, हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती, समाजाच्या किल्ल्या त्याच्या हाती. जातपंचायत ही सत्ता गावात वापरते, राज्यसंस्था ती सरहद्दीवर वापरते.

१९६७ सालचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. १२ जूनला अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावरची बंदी रद्द केली. तो निकाल आपण अभ्यासवर्गात शिकवतो. त्याच्या तीन आठवडे आधी, २२ मे रोजी, त्याच न्यायालयाने बुतिलिए खटल्यात एका कॅनेडियन तरुणाला समलिंगी असल्याच्या कारणावरून देशाबाहेर काढणे योग्य ठरवले. कायद्यातल्या ‘मनोविकृत व्यक्तिमत्त्व’ या शब्दांत तो बसतो, असे बहुमताने ठरले. हा निकाल कोणी शिकवत नाही. ही प्रवेशबंदी थेट १९९० साली कायद्यातून गेली.

अ‍ॅडम्स आणि सुलिवन मात्र न्यायालयात लढत राहिले. १९८२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात ते हरले. १९८५ मध्ये सुलिवनने दुसरे प्रकरण लढवले, की मला हाकलले तर आमच्यावर विलक्षण हलाखी ओढवेल. तेही हरले. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांचे नाव अँथनी केनेडी. हेच केनेडी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१३ चा विंडसर निकाल व २०१५ चा समलिंगी विवाहाच्या हक्काचा ओबर्गफेल निकाल, दोन्ही त्यांनीच लिहिले. वर्तमानपत्रांनी त्यांना उदारमतवादाचा पुतळा करून टाकले. १९८५ चा कागद किती जणांनी उघडून पाहिला?

अ‍ॅडम्स डिसेंबर २०१२ मध्ये कर्करोगाने वारले, विंडसर निकालाच्या सहा महिने आधी. सुलिवनला अखेर २०१६ साली ग्रीन कार्ड मिळाले, तेही मृत पतीचा जोडीदार म्हणून. त्याआधी स्थलांतर खात्याच्या प्रमुखांनी १९७५ च्या त्या पत्राबद्दल लेखी माफी मागितली होती. एकेचाळीस वर्षे एक माणूस त्या देशात होताही आणि नव्हताही.

आता प्रसारमाध्यमांकडे वळू. मधल्या काळात, १९९६ साली, अमेरिकेच्या काँग्रेसने ‘विवाह संरक्षण कायदा’ केला. केंद्र सरकारच्या लेखी विवाह म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री. पुढे मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी समलिंगी विवाह मान्य केला तरी स्थलांतर हा केंद्राचा विषय, त्यामुळे व्हिसाच्या खिडकीवर त्या दाखल्याची किंमत शून्य. जेरॉल्ड नॅडलर यांनी २००० सालापासून कायम जोडीदारांना पती-पत्नीसारखा हक्क देणारे विधेयक पुन्हा पुन्हा मांडले, ते कधी मंजूर झाले नाही. ह्यूमन राइट्स वॉच आणि इमिग्रेशन इक्वॅलिटी या संस्थांच्या २००६ च्या अहवालाने २००० च्या जनगणनेवरून आकडा काढला: एक नागरिक आणि एक परदेशी अशी ३५,८२० समलिंगी जोडपी. ही अमेरिकेत एका छताखाली राहणारी. जी कंटाळून देश सोडून गेली, जी दोन देशांत तुटून राहिली, ती या मोजणीत नाहीत.

एवढ्या लोकांपैकी वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर कोण दिसले? ज्यांचे घर नीटनेटके, मुले गोंडस, नोकरी चांगली, तेच. २००९ साली कॅलिफोर्नियातील एका फिलिपिनो आईला तिच्या राहत्या घरातून पकडून नेले. तिने सिनेटच्या न्याय समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा तिच्या जुळ्या मुलांपैकी एकाला रडू कोसळले. तिच्या धैर्याला माझा सलाम आहे. तिच्यासाठी सिनेटर फाइनस्टाइन यांनी खास खाजगी विधेयक आणले, म्हणून ती वाचली. परंतु खास विधेयक म्हणजे हक्क नव्हे, मेहेरबानी आहे. राजाने एका अस्पृश्याला दरबारात खुर्ची दिली म्हणून गावची विहीर खुली होत नाही. जो चोरवाटेने सरहद्द ओलांडून आला, हॉटेलात भांडी घासतो, ज्याला इंग्रजी धड येत नाही आणि ज्याचा जोडीदारही पुरुषच आहे, त्याचा फोटो पहिल्या पानावर येत नाही. माध्यमांना ‘चांगला’ पीडित हवा असतो. आपल्याकडेही अत्याचाराच्या बातमीत मृत दलित तरुण ‘हुशार, गुणी विद्यार्थी’ असेल तर चार ओळी जास्त मिळतात. नापास झालेल्या दलिताला जगण्याचा हक्क कमी असतो काय?

२०१३ साली तर माध्यमांनी कमालच केली. त्या वसंतात सर्वंकष स्थलांतर सुधारणा विधेयक सिनेटच्या समितीत होते. अध्यक्ष पॅट्रिक लेही यांनी समलिंगी जोडप्यांसाठी दुरुस्ती आणली. तुमच्या दुरुस्तीने सगळे विधेयक बुडेल, असे रिपब्लिकनांनी बजावले आणि डेमोक्रॅट मित्रांनीच हात वर केले. २१ मे रोजी लेहींनी ती मागे घेतली. आधी सगळ्यांचे होऊ द्या, मग तुमचे पाहू. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे ना? १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू दिला नाही, तेव्हाही हेच म्हटले गेले. ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा पुरता पंचनामा केला आहे. पुढे काय झाले ते पाहा. २६ जूनला विंडसर निकालाने १९९६ च्या कायद्याचे ते कलम उडवले. २७ जूनला ते विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाले आणि कनिष्ठ सभागृहात ते कधी मतदानाला आलेच नाही. ज्यांना थांबायला सांगितले त्यांचे काम न्यायालयातून झाले आणि ज्यांच्या नावाने थांबवले ते लाखो कागदहीन मजूर तिथेच राहिले.

२८ जूनला फ्लोरिडातील एका जोडप्याचा अर्ज मंजूर झाला, त्यातला एक बल्गेरियाचा. प्रेमाचा विजय झाला, अशा सुरात बातम्या झळकल्या. विंडसर खटला मुळात वारसा कराचा होता, ३,६३,०५३ डॉलरचा. प्रेमाला सरकारी मान्यता लागत नाही. लागते ती वारसाला, पेन्शनला, इस्पितळातल्या सहीला आणि व्हिसाला. पत्रकारांनी हक्काची बातमी प्रेमकथेच्या पानावर ढकलली की वाचकाला वाटते, हा ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीचा मामला आहे, कायद्याचा नव्हे.

आपल्याकडच्या माध्यमांची तऱ्हा निराळी. २०२३ मध्ये सुप्रियो खटल्यात केंद्र सरकारने लिहून दिले की, समलिंगी विवाहाची मागणी ही शहरी उच्चभ्रूंची मते आहेत. बहुतेक वाहिन्यांनी तेच वाक्य दिवसभर दळले. तमिळनाडूतील ग्रेस बानू या दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या समांतर आरक्षणासाठी वर्षानुवर्षे लढत आहेत, त्या कोणत्या बाजूने उच्चभ्रू? १७ ऑक्टोबर २०२३ ला घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला, पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

आपल्याही काही कार्यकर्त्यांना केंद्राचे ते वाक्य पटते, हे मी सभांमधून ऐकतो. ‘वकीलसाहेब, आपल्याकडे खैरलांजी झाली, शिष्यवृत्ती अडली, हे उच्चवर्णीयांचे चोचले कशाला?’ त्यांना मी १९३४ सालची आठवण देतो. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, हा गुन्हा. त्यात समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. काळाराम मंदिर सत्याग्रह आणि पुणे करार यांच्या धामधुमीतल्या त्या वर्षांत बाबासाहेबांनी ‘हा आपला प्रश्न नाही’ असे म्हटले नाही. आणि २०१८ साली कलम ३७७ मोडताना सर्वोच्च न्यायालयाने आधार कशाचा घेतला? ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी मांडलेल्या संविधानिक नीतिमत्तेचा.

मध्यंतरी माझ्याकडे एक तरुण आला. घरात बुद्धवंदना होते, वडील गिरणीतून निवृत्त, मुलगा परदेशात संगणकाच्या नोकरीत. तिथे त्याने एका परदेशी पुरुषाशी कायदेशीर लग्न केले आहे. आई आजारी, दोघांना इथे येऊन राहायचे आहे. जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळेल का, एवढाच त्याचा सवाल. नागरिकत्व कायद्याचे कलम ७अ काढून मी त्याला दाखवले. परदेशी वंशाचा ‘जोडीदार’, विवाह नोंदलेला असावा आणि दोन वर्षे टिकलेला असावा. पुरुष की स्त्री, हे तिथे लिहिलेले नाही. याच मुद्द्यावर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, तेव्हा सरकारने विरोध केला. आता सुप्रियोनंतर कायद्याची वाट आणखी अरुंद झाली आहे. उलट बाजूनेही तेच: अमेरिका लग्न जिथे लागले तिथे वैध होते का एवढे पाहते. इथून एच-१बीवर जाणाऱ्या मुलीची मैत्रीण एच-४वर जाऊ शकत नाही, कारण इथे त्यांचे लग्नच नोंदता येत नाही. वर्षभरासाठी तिसऱ्या देशात जाऊन लग्न करून येण्याइतका पैसा आपल्या किती घरांत आहे?

बौद्ध पद्धतीने लागलेले लग्न वैध की अवैध, सप्तपदी कुठे आहे, असे प्रश्न आपल्या बायकांना पोटगीच्या दाव्यात विचारले गेले आहेत. त्यामुळे नोंदणीच्या दाखल्याची किंमत काय असते, हे आपल्याला दुसऱ्याने समजावण्याची गरज नाही.

अमेरिकेतही सारे आलबेल नाही. २०२२ मध्ये १९९६ चा कायदा औपचारिकपणे रद्द झाला. पण २१ जून २०२४ रोजी मुन्योझ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. प्रकरण एका स्त्री-पुरुष जोडप्याचे होते, नवरा एल साल्वादोरचा. विरोधी मत लिहिताना न्या. सोटोमायोर यांनी बजावले की, याची सर्वात मोठी झळ समलिंगी जोडप्यांना बसेल, कारण त्यांना जोडीदाराच्या देशात जाऊन संसार थाटण्याची सोय बहुधा नसते. आपल्या मराठी पत्रांत व्हिसाच्या रांगांवर रकानेच्या रकाने येतात, या निकालावर मला एक रकाना दिसला नाही.

सुप्रियो निकालानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४ मध्ये रेशनकार्ड, बँकेतील संयुक्त खाते, तुरुंगातील भेट, मृतदेहाचा ताबा याबाबत सूचना निघाल्या. परदेशी जोडीदाराचा विषय त्या यादीत नव्हता. ओसीआयसाठी नवा कायदा लागत नाही, कलम ७अ मधील शब्दाचा सरळ अर्थ लावणारे गृहखात्याचे एक परिपत्रक पुरते. आपल्या वकील मंडळींनी तसे लेखी निवेदन या समितीकडे पाठवावे. मसुदा मी तयार केला आहे, ज्या जिल्हा शाखांना हवा असेल त्यांनी या दैनिकाच्या कार्यालयातून घेऊन जावा.