भरलेलं दुकान आणि आपलं पथ्य

लालबाग-परळच्या चाळींतल्या आजी-आजोबांना रेशनच्या लांब रांगा आठवत असतील. १९७२च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो घ्यावा लागे. त्याच काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, तरी घरात जे मिळालं असेल तेच शिजायचं.

आज दादरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात ज्वारी, नाचणी, पाच-सहा डाळी, आयोडीनयुक्त मीठ आणि पाश्चराइज्ड दूध एकाच फेरीत मिळतं. रुग्णाच्या घरासाठी ही मोठी सोय आहे. पथ्य पाळणं आता बरंचसं आपल्या निवडीवर अवलंबून आहे. म्हणूनच निवड कशी करायची, हे माहीत हवं.

मधुमेह असेल तर

अख्खे मूग, मटकी, चवळी, हरभरे आणि पालेभाज्या पिशवीत आधी टाका. यांतल्या चोथ्यामुळे रक्तातली साखर हळू वाढते. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगली, पण तिच्यातही पिष्ट असतं. त्यामुळे किती खाल्ली ते मोजा. नाचणी सत्त्वाच्या पातळ पेजेने साखर लवकर वाढते. ‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसली, तरी मैदा असू शकतो.

रक्तदाब असेल तर

दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका छोट्या चमच्यापेक्षा, कमी असावं. लोणचं, पापड, वेफर्स आणि चिवडा यांतलं मीठही त्यात धरा. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ.

‘लो सोडियम’ मीठ सगळ्यांसाठी नाही. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. प्रसंगी ते जिवावर बेततं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका.

सीलिॲक आजार असेल तर

गहू, रवा, मैदा आणि जव पूर्ण बंद. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालते. पण गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळतं, आणि तेवढंही आतड्याला त्रास देतं. घरी दळा किंवा ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलं पीठ घ्या.

पाकीट कसं वाचाल?

घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी लिहितात. ‘मल्टिग्रेन’ पाकिटावर पहिलं नाव मैद्याचं असेल, तर ते मैद्याचंच समजा. साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं पहिल्या तीन-चारांत आली, तर मधुमेह्याने ते पाकीट परत ठेवावं. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, हेही बघा.

पुढच्या तपासणीला येताना घरातलं मीठ, तेल, पीठ आणि नेहमीच्या खाऊच्या पाकिटांचे मागच्या बाजूचे फोटो घेऊन या. ‘तेलकट कमी खा’ एवढं मोघम सांगण्यापेक्षा, तुमच्या स्वयंपाकघरातलं नेमकं काय बदलायचं ते डॉक्टरांना सांगता येईल.