शाळेनंतरची दोन वर्षं – भाग ६ : चुकीमागचा नियम

गेल्या आठवड्यात आपण इंग्लंडमधल्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेपर्यंत, म्हणजे जीसीएसईपर्यंत आलो होतो. तिच्यापुढची दोन वर्षं म्हणजे ‘सिक्स्थ फॉर्म’. नाव जुन्या मोजणीतून आलेलं आहे. माध्यमिक शाळेचं पहिलं वर्ष फर्स्ट फॉर्म, आणि तसं मोजत गेलं की शेवटची दोन वर्षं सहाव्याची, लोअर आणि अपर. कुणी शाळेतच राहतं, कुणी स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजात जातं. आपल्या ज्युनिअर कॉलेजचंच वय, पण विषय बहुधा तीनच. जीसीएसईला इंग्रजी सुटली की पुढे ती सक्तीची नसते. घ्यायचीच तर तीन वाटा आहेत : साहित्य, भाषा, किंवा दोन्हींचा मिळून एक विषय.

आज भाषेबद्दल. मातृभाषा इंग्रजी असलेली मुलं अठराव्या वर्षी इंग्रजी भाषेत आणखी काय शिकणार, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. आपल्या डोळ्यांपुढे असतात पत्रलेखन, सारांश आणि गाळलेल्या जागा. तिथे या विषयात मुलांच्या हातात दोन-तीन वर्षांच्या बाळाचं बोलणं ठेवलं जातं. कागदावर उतरवलेलं, जसंच्या तसं. कंसात टिंब असेल तर क्षणभराचा थांबा, कंसात आकडा असेल तर तितके सेकंद शांतता. बाळ म्हणतं ‘गोड’, म्हणजे ‘गो’ला ‘एड’ लावून केलेला भूतकाळ. सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याचा हात आपसूक लाल पेनाकडे जातो. त्याला तिथेच थांबवून विचारलं जातं : हे रूप बाळाने ऐकलं कुणाकडून?

कुणाकडूनच नाही. घरातलं कुणीही तसं बोलत नाही. म्हणजे भूतकाळाला ‘एड’ लागतो हा नियम बाळाने स्वतः शोधला आणि जिथे तो चालत नाही तिथेही लावला. आपल्याकडची पोरं ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात, तीही हेच करत असतात. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ साली याचा सुंदर पुरावा दिला. तिने मुलांना पाखरासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव सांगितलं ‘वग’. मग दोन दाखवले आणि वाक्य अर्धं सोडलं. मुलांनी ते पुरं केलं ‘वग्ज’ असं. जगात नसलेल्या शब्दाचं अनेकवचन, तेही ‘स’ नव्हे, नेमका ‘ज’ लावून. नुसत्या अनुकरणाने हे जमणं शक्य नाही. मला विचाराल तर या विषयाचा गाभा या एका प्रयोगात आहे. चूक दिसली की तिच्यामागचा नियम शोधायचा.

ही नजर एकदा आली की ती मोठ्यांच्या बोलण्याकडेही वळते. विल्यम लबॉव्ह हा भाषाशास्त्रज्ञ १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेला : एक उंची, एक मध्यम, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता तो विक्रेत्यांना विचारी. उत्तरातल्या ‘फोर्थ फ्लोअर’मध्ये ‘र’ ऐकू येतो का, एवढंच त्याला हवं होतं. मग ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारी, म्हणजे दुसऱ्यांदा जपून दिलेलं उत्तरही मिळे. जितकं दुकान उंची, तितका ‘र’ जास्त निघाला. एका व्यंजनात सामाजिक प्रतिष्ठा मोजता येते, हे सतराव्या वर्षी कळणं मला फार मोलाचं वाटतं.

परीक्षेचं थोडक्यात सांगतो. एक्यूए या मंडळाच्या अभ्यासक्रमात अडीच-अडीच तासांचे दोन पेपर, प्रत्येकी ४० टक्क्यांचे. दुसऱ्यात भाषेची विविधता आणि तिच्यातले बदल येतात, आणि त्यात जगभरच्या इंग्रजीही. इथे श्रीनगरला जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू भेटतात. इंग्रजी वापरणाऱ्या देशांची तीन वर्तुळं त्यांनी १९८५ साली मांडली; त्यांपैकी दुसऱ्यात भारत आहे. तिथली इंग्रजी ही बिघडलेली ब्रिटिश इंग्रजी नसून स्वतःचे नियम असलेलं एक रूप आहे, असा त्यांचा आग्रह. आईवडिलांच्या उच्चारांनी शाळेच्या दारात संकोचलेलं मराठी घरातलं मूल हे वाचतं, तेव्हा त्याला काय वाटत असेल याची कल्पना करून पाहा.

उरलेले २० टक्के घरी-वर्गात करायच्या कामाचे. त्यात एक स्वतंत्र लेखन आणि त्यावरचं स्वतःचं टिपण असतं, आणि दोन हजार शब्दांचं संशोधन. विषय विद्यार्थ्याने निवडायचा; बोलण्याचा अभ्यास असेल तर संमती घेऊन ध्वनिमुद्रण करायचं आणि स्वतः कागदावर उतरवायचं. दहा मिनिटांच्या गप्पा उतरवायला कित्येक तास लागतात, कारण प्रत्येक ‘अं’, प्रत्येक अडखळणं, दोघं एकदम बोलले ती जागा, सगळं टिपावं लागतं. एखाद्या मराठी घरातल्या मुलीने जेवणाच्या टेबलावरचं बोलणं घेतलं, तर तिला बाबांच्या इंग्रजी वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’ सापडेल. ‘यू आर कमिंग, ना?’ तो तिच्याशी बोलताना किती वेळा येतो, इंग्रज शेजाऱ्याशी बोलताना गळतो का, आणि तिच्या स्वतःच्या तोंडी तो आहे का, हे मोजायला तिला पुन्हा पहिल्या मिनिटापासून ऐकावं लागेल.