बाळाची चुळबुळ

दुपट्यावर उताणं निजलेलं तीन महिन्यांचं बाळ डोळ्यांसमोर आणा. पोट भरलंय, झोप झालीय, रडं नाही. मान जराशी वळते, मनगट गोल फिरतं, घोटा हलतो, बोटं उघडतात, मिटतात, तेवढ्यात खांदा. एक हालचाल दुसरीसारखी नसते, आणि थांबत तर कुठलीच नाही. आपण म्हणतो, छान खेळतंय, आणि तेवढ्यात कुकर लावून येतो.

ऑस्ट्रियात ग्राझला हाइन्झ प्रेख्टल आणि त्यांचे सहकारी हीच चुळबुळ बघत बसले. बाळाला हात लावायचा नाही, खुळखुळा दाखवायचा नाही, चोखणी द्यायची नाही. बाळ जागं आणि शांत असताना काही मिनिटांचं चित्रीकरण, बस. १९९७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी १३० बाळांचे निष्कर्ष मांडले. ज्या ७० बाळांची चुळबुळ नीट होती, त्यांतली ६७ पुढे व्यवस्थित वाढली. ज्या ६० बाळांत ती बिघडलेली होती किंवा दिसलीच नव्हती, त्यांतल्या ५७ जणांच्या वाढीत पुढे अडचणी आल्या. बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत राहणारा अडथळा. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पान उलटायचंच विसरले. सुई नाही, यंत्राच्या बोगद्यात सरकवणं नाही. मेंदूत काय चाललंय ते बाळ स्वतःच, कुणी न विचारता, हातापायांनी सांगत होतं.

ही चुळबुळ प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर साधारण तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान बघायची असते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं वयही जन्मापासून नाही, त्या तारखेपासूनच धरायचं. पुढे बाळ मुद्दाम वस्तूकडे हात न्यायला लागलं की ती विरून जाते. ती वाचायला शिकलेली नजर लागते. मोबाईलवरच्या व्हिडिओवरून घरी कुणी निदान करत बसू नये.

पण इतक्या लवकर कळून उपयोग काय? मला वाटतं, खरी थक्क करणारी गोष्ट इथेच आहे. जन्मतः मेंदूचा प्रत्येक अर्धा भाग दोन्ही हातांकडे तंतू पाठवत असतो. पुढच्या महिन्यांत त्या तंतूंची चढाओढ लागते. जे वापरात राहतात ते टिकतात, जे पडून राहतात ते मागे हटतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जेनेट आयर यांच्या कामातून दिसलं की मेंदूच्या एका बाजूला इजा झाली, तर त्या बाजूचे बचावलेले तंतूही या चढाओढीत हळूहळू हरत जातात. म्हणजे घाव एकदाच बसतो, नुकसान मात्र नंतरही महिनोन्‌महिने होत राहतं. आणि नेमके हेच महिने आपण ‘मोठं झालं की होईल नीट, याचा बापही उशिराच चालला होता’ असं म्हणत घालवतो.

सात महिन्यांचं बाळ सगळं डाव्याच हातानं धरतं. घरात कौतुक चालतं, आजोबांवर गेलंय, डावखुरं आहे! पण वर्षाच्या आत एकच हात पुढे येत असेल, तर तो डावखुरेपणा समजू नये. दुसरा हात का येत नाही, हे आधी डॉक्टरांना दाखवावं.

अशा बाळांसाठी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये ॲन-क्रिस्टीन एलियासन यांच्या गटानं एक साधी युक्ती बसवली. चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि मागे राहिलेल्या हातासाठी खेळ मांडायचा. रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे. मग सहा आठवडे सुट्टी, मग पुन्हा तेवढंच. खेळवायचं आईबाबांनीच, घरी. याची तुलना त्यांनी केली ती बाळाच्या मालीशशी. मोजावाल्या बाळांचा हात अधिक सुधारला.

हे वाचून मला आमच्याकडच्या मालीशवाल्या मावशी आठवल्या. तेलाचा तो हात, ती ऊब, नंतरची गाढ झोप, हे सगळं हवंच. पण मालीश करताना हालचाल मावशींची असते. बाळाची हालचाल बाळाच्या मनातून उठावी लागते, तेव्हाच ते तंतू चढाओढीत टिकतात. एखाद्याचा पाय धरून हजार वेळा सायकलसारखा फिरवला, तरी ते चालणं त्याचं होत नाही. म्हणूनच लहान मुलांची उत्तम फिजिओथेरपिस्ट बघताना ती काही करतच नाही असं वाटतं.

एकदा मी असं सत्र जवळून पाहिलं. बाळाच्या छातीखाली टॉवेलची गुंडाळी, डाव्या हातावर मोजा. समोर स्टीलची वाटी, पण अगदी समोर नाही. उजवीकडे, चार बोटं लांब. ताई आईला हळूच म्हणाल्या, “हात धरू नका हं. थांबा.” बाळानं वाटीकडे पाहिलं. मोजा चोखून पाहिला. पुन्हा वाटीकडे पाहिलं. उजवी मूठ अंगठा आत दडपून घट्ट मिटलेली होती. खांदा हलला, कोपर घासत पुढे आलं, मूठ वाटीच्या काठावर आपटली आणि वाटी खणखणली. बाळ दचकलं. मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडे मान वाकडी करून पाहिलं, बराच वेळ. ताईंनी वाटी एक बोटभर मागे सरकवली.