करार म्हणजे ‘नुसता कागद’?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘शेजारच्या राज्याशी केलेला करार म्हणजे नुसता कागद. कोर्टाचा बडगा बसल्याशिवाय कुणी ऐकत नाही.’ हे ऐकून कान किटले. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचा इतिहास वाचला असता तर हे कुणी म्हटलं नसतं.

६ ऑक्टोबर १९७५ला महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशाने गोदावरीवर करार केला. तेव्हा आपले मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयाला त्यांचंच नाव आहे. गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादापुढे वाद चालू असतानाच दोन्ही सरकारांनी आपसात तोडगा काढला. गोदावरीचं पैठणपर्यंतचं आणि पूर्णेचं सिद्धेश्वरपर्यंतचं पाणी महाराष्ट्राचं. त्याखाली आंध्रातल्या पोचमपाड धरणापर्यंत नव्या प्रकल्पांना ६० टीएमसीची मर्यादा. विष्णुपुरी याच टापूत येते. १९८०च्या निवाड्यात लवादाने हा करार स्वीकारला. पुढे बाभळी बंधाऱ्याविरुद्ध आंध्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ फेब्रुवारी २०१३ला न्यायालयाने बंधारा राहू दिला, तो याच कराराचा अर्थ लावून! कोर्टाने राबवलं ते या दोन सरकारांनी स्वतः कबूल केलेलंच.

आता दरवर्षी १ जुलैला महाराष्ट्राचे, आंध्रातून वेगळ्या झालेल्या तेलंगणाचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी हजर राहतात आणि बाभळीचे १४ दरवाजे वर घेतले जातात. ते २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे. पाऊस ओसरल्यावर साठवायचं काय, हा बाभळीजवळच्या धर्माबादच्या शेतकऱ्याचा सवाल रास्तच आहे. पण अट जाचक असणं वेगळं आणि करार निरुपयोगी असणं वेगळं.

सरकारं शब्द पाळतात, कारण पुढच्या नदीसाठी त्याच शेजाऱ्यासमोर बसायचं असतं. २३ ऑगस्ट २०१६ला महाराष्ट्र आणि तेलंगणाने लवादाशिवाय मेडीगड्डा, तुम्मिडीहट्टी आणि चनाका-कोरटा बंधाऱ्यांचे करार केले. आपल्या हद्दीतली जमीन बुडते म्हणून तुम्मिडीहट्टीची पातळी १५२ मीटरऐवजी १४८ ठरली.

‘बाभळी अडवली की विष्णुपुरी भरते’ हेही चूक. बाभळी नांदेडच्या खाली, म्हणजे विष्णुपुरीच्याही खाली आहे. ‘पाणीवाटप दिल्लीच ठरवते’ असंही नाही. १९५६च्या कायद्यानुसार वाटाघाटीने वाद मिटत नसेल तरच लवाद नेमला जातो.

म्हणून पुढच्या वेळी करार झाला की कागद म्हणून सोडून देऊ नका. त्यातला आकडा आणि तारीख वाचा आणि आपल्या आमदाराला त्यावर जाब विचारा.