‘आम्ही’ : एका सर्वनामाचे रहस्य

सर्वनाम नामाच्या ऐवजी येते, अशी व्याख्या आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तृतीयपुरुषाच्या बाबतीत ती चालून जाते. प्रथमपुरुषाच्या बाबतीत ती लंगडी पडते. त्यातही अनेकवचनाची अडचण विशेष आहे. ‘मुले’ म्हणजे एकाहून अधिक मुले, हे खरे. परंतु ‘आम्ही’ म्हणजे एकाहून अधिक ‘मी’ नव्हेत. एमील बेनव्हेनिस्त यांनी १९४६ साली क्रियापदातील पुरुषव्यवस्थेवर लिहिलेल्या निबंधात हा मुद्दा निर्णायकपणे मांडला आहे. ‘मी’ची बेरीज होत नाही. एक ‘मी’ आणि त्याच्याशी जोडलेले ‘मी’ नसलेले काहीतरी, अशी या अनेकवचनाची घडण असते. बोलणारा एकच असतो. इतरांना तो आपल्या वाक्यात ओढून घेतो. हे ‘इतर’ खरोखर असतात काय, असा प्रश्न व्याकरण विचारीत नाही. आगोता क्रिस्तोफ या लेखिकेने मात्र याच प्रश्नावर एक अत्यंत काळोखी कादंबरीत्रयी उभी केली आहे. प्रस्तुत लेखात तिच्या वाचनाचा विचार करावयाचा आहे, आणि तो मराठी व्याकरणाच्या बाजूने करावयाचा आहे.

लेखिकेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. क्रिस्तोफ यांचा जन्म १९३५ साली हंगेरीत झाला. बालपणाचा महायुद्धातील काही भाग ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या क्योसेग या गावी गेला. १९५६ चा उठाव मोडला गेल्यावर पती व तान्ह्या मुलीसह त्या सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे आल्या. तेथे त्यांनी घड्याळांच्या कारखान्यात काम केले, आणि प्रौढ वयात शिकलेल्या फ्रेंच भाषेत लेखन केले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी फ्रेंचला शत्रुभाषा म्हटले आहे, कारण ती त्यांच्या मातृभाषेचा जीव घेत होती. २०११ साली त्यांचे निधन झाले. त्रयीतील पहिली कादंबरी ‘ल ग्राँ काये’, म्हणजे ‘मोठी वही’, १९८६ साली, दुसरी ‘पुरावा’ १९८८ साली आणि तिसरी ‘तिसरे असत्य’ १९९१ साली प्रसिद्ध झाली.

पहिल्या कादंबरीचे कथानक असे. नाव नसलेल्या देशात, नाव नसलेल्या युद्धात, एक आई आपल्या जुळ्या मुलांना मोठ्या शहरातून लहान गावी आणून आजीच्या हवाली करते. आजीने नवऱ्याला विष घातले असा गावाचा संशय आहे. गाव तिला चेटकीण म्हणते, आणि ती या नातवंडांना शिवीखेरीज हाक मारीत नाही. मुले राबतात, मार खातात, उपाशी राहतात. मग ती स्वतःवर प्रयोग सुरू करतात. मार सोसण्याची सवय व्हावी म्हणून एकमेकांना मारतात, उपवास करतात, आंधळेपणाचा व बहिरेपणाचा सराव करतात, निश्चलतेचा करतात, शेवटी क्रौर्याचाही करतात. हे सारे ती एका वहीत नोंदवितात, आणि तीच वही आपण वाचीत असतो. अभ्यासाला त्यांच्यापाशी दोनच पुस्तके आहेत : वडिलांचा शब्दकोश आणि आजीच्या घरात सापडलेले बायबल. शब्दकोशातून शब्द घ्यावयाचे, बायबलावरून वाचन व श्रुतलेखन करावयाचे. भाषेच्या अभ्यासकास याहून भयंकर प्राथमिक शाळा कल्पिता येणार नाही.

या वहीचा एक नियम आहे. जे आहे, जे दिसते, जे ऐकू येते, जे केले जाते, तेवढेच लिहावयाचे. भावनावाचक शब्द अनिश्चित असतात, म्हणून वर्ज्य. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावयाचे. पसंत पडले तर मोठ्या वहीत उतरवावयाचे, नाही तर चुलीत टाकावयाचे. क्रिस्तोफ यांच्या शैलीच्या कोरडेपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परकी भाषा बेताने वापरणाऱ्या लेखिकेची अपरिहार्यता, असेही तिचे स्पष्टीकरण दिले जाते. ते निराधार नाही. तथापि कोरडेपणा येथे कथेतील पात्रांनी स्वतः केलेल्या नियमातून येतो, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

हा नियम मराठीत आणू पाहिला तर काय होते, हे पाहणे उद्बोधक आहे. फ्रेंचमध्ये आवडणे, भिणे, सोसणे या क्रियांचा कर्ता प्रथमा विभक्तीतच असतो. खाणे, चालणे, खणणे यांचाही तसाच. म्हणून तेथे हा नियम शब्दसंग्रहाचा नियम ठरतो : अमुक क्रियापदे वापरावयाची नाहीत. मराठीत अनुभवाची वाक्ये बहुधा निराळ्या साच्यातून निघतात. ‘आम्ही लाकडे फोडतो’, परंतु ‘आम्हांला थंडी वाजते’. ‘आम्ही आजीला मदत करतो’, परंतु ‘आम्हांला आजी आवडत नाही’. (ही वाक्ये माझी आहेत, कादंबरीतील नव्हेत.) अनुभव घेणारा चतुर्थीत जातो आणि अनुभव स्वतः कर्त्याच्या जागी येऊन बसतो. भूक लागते, राग येतो, आठवण होते. मनुष्य या वाक्यांत काही करीत नाही. त्याला काहीतरी होते. म्हणजे जुळ्यांचा नियम मराठीत शब्दांपुरता राहत नाही. तो एक संपूर्ण वाक्यरचना हद्दपार करतो. ‘आम्हांला’ हे रूप वहीतून जाते आणि ‘आम्ही’ तेवढे उरते. ‘आम्ही घाबरतो’ यासारखी प्रथमेची उदाहरणे मराठीत आहेत, हे मान्य. परंतु साच्याचा कल स्पष्ट आहे. ज्यांच्यावर सारे काही केले जात आहे अशा दोन मुलांनी केवळ कर्ते होऊन राहावयाचे ठरविले आहे, ही या कादंबरीच्या मर्माची गोष्ट मराठी व्याकरणात मूळ फ्रेंचपेक्षाही उघडी पडते.

एके ठिकाणी तर विभक्तीच नव्हे, पुरुषही बदलतो. वेदनेचा सराव करता करता मुले अशा पायरीला येतात की दुखते ते दुसऱ्याच कोणाला तरी, असे त्यांना वाटू लागते. वेदना तृतीयपुरुषाकडे सोपवून ‘आम्ही’ मोकळे राहते. बालपणीचा आघात सोसणाऱ्या मनात अनुभव आणि अनुभवी यांची फारकत होते, हे मानसशास्त्राने पुष्कळ तपासलेले आहे. क्रिस्तोफ यांना त्यासाठी परिभाषा लागत नाही, एक सर्वनाम पुरते. शिव्यांचेही तसेच. त्या शिव्या एकमेकांना इतक्या वेळा ऐकवावयाच्या की त्यांतील अर्थ गळून जावा. आईने लाडाने वापरलेले शब्दही ती याच रीतीने निकामी करून टाकतात. शब्द वारंवार उच्चारला की क्षणभर त्याचा अर्थ निसटतो, हे कोणालाही घरी करून पाहता येईल. ती मौज या मुलांच्या हाती शस्त्रक्रियेसारखी होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फ्रेंच ‘नू’ला मराठीत काय म्हणावयाचे? फ्रेंच ‘नू’, हंगेरियन ‘मी’, हिंदी ‘हम’ ही सर्वनामे श्रोत्याला आत घेतात की बाहेर ठेवतात, हे रूपावरून कळत नाही. मराठीत, गुजरातीत, तमिळ व तेलुगूत ते सांगावेच लागते. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते. ‘आपण’ त्याला सामावून घेते. भाषांतरकाराला प्रत्येक वाक्यागणिक विचार करावा लागेल : ही मुले कोणाशी बोलत आहेत?

वाचकाला उद्देशून असेल तर ‘आम्ही’च हवे, यात शंका नाही. परंतु वहीला बाहेरचा वाचक असा कल्पिलेलाच नाही! ती दोघांनी दोघांसाठी लिहिलेली आहे. एका भावाने लिहिलेले दुसरा वाचतो. दोनच व्यक्तींच्या या जगात लिहिणाराच्या ‘नू’मध्ये वाचणारा अंतर्भूत आहे, मग काटेकोर व्याकरणाने तेथे ‘आपण’ यावयास पाहिजे. ‘आपण आजीच्या घरी राहतो’, असे. मराठीत हे वाक्य लिहून पाहताच कादंबरी एकदम निराळी होते. तिच्यात ऊब येते. वाचकही हळूच आत येऊन बसतो, कारण मराठी ‘आपण’ला दार लावून घेता येत नाही. उलट ‘आम्ही’ घातले की दार बंद होते आणि आपण बाहेर उभे राहतो. माझ्या मते ‘आम्ही’ हाच योग्य पर्याय आहे, परंतु त्यासाठी किंमत मोजावी लागते, हे जाणूनच तो घ्यावा. भाऊ भावाशी ‘आपण’ म्हणून बोलत असताना पकडला जाण्याची जी शक्यता फ्रेंच ‘नू’मध्ये अखेरपर्यंत शिल्लक राहते, ती मराठीत पहिल्याच ओळीला संपते.

किंमत मोजावी लागली तरी एक लाभ पदरात पडतो, आणि तो अनपेक्षित आहे. मराठीत ‘आम्ही’ एकट्यालाही म्हणता येते. वृत्तपत्राच्या अग्रलेखातील ‘आम्ही’ एकाच संपादकाचे असते. अधिकाराने बोलणारा किंवा मान मिरविणारा मनुष्य स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. केशवसुतांनी ‘आम्ही कोण?’ असा प्रश्न केला तोही कवीच्या वर्गाच्या वतीने एकट्याने. फ्रेंचमध्येही असा मानार्थी प्रयोग आहे, नाही असे नाही; पण मराठीत तो दरबारापासून घरातील थट्टेपर्यंत पसरलेला आहे. मराठी वाचकाच्या कानाला ‘आम्ही’मध्ये एकच माणूस असण्याची शक्यता आधीपासून परिचित असते. आणि क्रिस्तोफ यांच्या त्रयीचे रहस्य नेमके तेच आहे.

पहिल्या कादंबरीच्या अखेरीस वडील सीमा ओलांडावयास निघतात. सीमेवर सुरुंग पेरलेले आहेत. मुले त्यांना पुढे जाऊ देतात, स्फोट होतो, मग दोघांपैकी एक वडिलांच्या पावलांवरून आणि देहावरून पलीकडच्या देशात निघून जातो, दुसरा आजीच्या रिकाम्या घरी परततो. हा शेवट धक्का देतो तो वडिलांच्या मृत्यूमुळे, असे प्रथम वाचनात वाटते. दुसऱ्या वाचनात ध्यानात येते की धक्का सर्वनामाचा आहे. दोघे वेगळे झाल्यावरही निवेदन ‘आमच्यापैकी एक’ असेच म्हणत राहते. ते कोण म्हणते? जो गेला त्याने परतलेल्यास पाहिलेले नाही. जो परतला त्याने वही पुढे लिहिली असती तर ‘तो गेला, मी परतलो’ असे लिहिले असते. ‘आम्ही’ उच्चारणारे कोणीच तेथे उरलेले नसताना ‘आम्ही’ टिकून आहे. रहस्यकथेत गुन्हेगाराचा माग एखाद्या वस्तूवरून लागतो; येथे तो पुरुषवाचक सर्वनामावरून लागतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझारालाही या पुराव्याचे काय करावे हे सुचले नसते.

दुसऱ्या कादंबरीत निवेदन तृतीयपुरुषी होते आणि मागे राहिलेल्या भावाला नाव मिळते : लुकास. पुष्कळ वर्षांनी सीमेपलीकडून क्लाउस येतो. परंतु तोवर लुकास नाहीसा झालेला असतो, आणि शेवटी जोडलेल्या सरकारी कागदात त्या वह्यांच्या खरेपणाविषयीच शंका उपस्थित होते. तिसरी कादंबरी ‘मी’ची आहे, आणि हे ‘मी’ दोन आहेत. तेथे कळते की जुळे भाऊ चार वर्षांचे असतानाच विलग झाले. आईने वडिलांवर गोळी झाडली. एक गोळी मुलाला लागून तो पांगळा झाला आणि रुग्णालयात वाढला. एकत्र भोगलेले ते बालपण, ते सराव, ती वही, हे सारे त्या एकट्या मुलाने पुढे रचले. ‘नू’ हे एका मुलाने आपल्या एकटेपणाला दिलेले अनेकवचन होते. तो परत येऊन भावाला भेटतो तेव्हा भाऊ त्याला ओळख देत नाही. कादंबरीचे शीर्षकच तिला असत्य म्हणते, म्हणून हाही वृत्तान्त अंतिम मानता येत नाही. काही वाचक तिन्ही भागांची तारीखवार जुळणी करून ‘खरे काय घडले’ याचा तक्ता तयार करू पाहतात. तो उद्योग मला व्यर्थ वाटतो. जुळणी न होणे हाच येथे आघाताचा पुरावा आहे.

नावांच्या बाबतीत लिपीही हात दाखविते. रोमन लिपीत लुकास आणि क्लाउस या नावांत तीच पाच अक्षरे उलटसुलट झालेली आहेत. देवनागरीत स्वर विखुरतात, तरी ल, क, स ही व्यंजने कायम राहतात, म्हणून चौकस वाचकाच्या ते लक्षात यावे. तिसऱ्या भागात मात्र दोन क्लाउस आहेत. एकाच्या नावाचा आरंभ रोमन ‘सी’ने होतो व दुसऱ्याच्या ‘के’ने. डोळ्याला दिसणारा आणि कानाला न ऐकू येणारा हा भेद देवनागरीत पुसला जातो. भाषांतरकाराने येथे एखादी खूण योजावी की वाचकाला गोंधळात राहू द्यावे? मला दुसरा पर्याय अधिक प्रामाणिक वाटतो, कारण मोठ्याने वाचणाऱ्या फ्रेंच श्रोत्याचीही तीच गत होते.

आजीला मुलांनी काय म्हणावे, हाही असाच प्रश्न. मराठी घरांत आजीला बहुधा ‘तू’ म्हणतात, आणि त्या ‘तू’त माया असते. ‘तुम्ही’ म्हटले तर आदर येतो. या घरात दोन्ही नाहीत. मूळ संहितेत जो थंडपणा आहे त्यासाठी मराठीच्या द्वितीयपुरुषात रिकामी जागाच नाही. शक्य तेथे सर्वनाम गाळून क्रियापदाच्या रूपावर भागवावे लागेल, आणि क्रियापदही शेवटी नाते सांगितल्यावाचून राहत नाही.

ही कादंबरी वर्गात वाचावी काय, असा प्रश्न सहकारी विचारतात. २००० साली फ्रान्समधील आबव्हील येथे ती विद्यार्थ्यांना वाचावयास दिल्यावरून पालकांच्या तक्रारीमुळे एका शिक्षकाला पोलिसांनी ताब्यात घेतले होते. पुस्तकात लैंगिक अत्याचाराचे, तसेच प्राणिहत्येचे प्रसंग आहेत आणि ते कोणत्याही दिलाशाशिवाय येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही याची पूर्वकल्पना द्यावी, असे माझे मत आहे. त्यानंतर वाचनाची एक पद्धत सुचवावीशी वाटते. पहिला भाग वाचताना ‘आम्ही’ जेथे ‘आमच्यापैकी एक’ होते त्या जागा पेन्सिलीने खुणावाव्यात. प्रत्येक जागी त्या ‘एका’ला नाव न देता वाक्य कसे सावरले आहे, ते पाहावे. मग तिसरा भाग वाचावा आणि त्याच खुणांकडे परत यावे. तेथे दोन मुलांच्या जागी एक मूल ठेवून तेच वाक्य पुन्हा वाचले असता कोठे ते तसेच टिकते आणि कोठे तुटते, याची नोंद प्रत्येकाची निराळी येते. आमच्या वर्गात चर्चा होते ती या नोंदींवरच.