धान्य कोठारात आहे, पण चुलीपर्यंत पोचते काय?

अवर्षण, मंदी किंवा भाववाढ यांपैकी कोणतेही संकट आले की, देशात धान्य किती शिल्लक आहे, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तो योग्य असला तरी पुरेसा नाही. बाजारात पोत्यांची थप्पी लागलेली असली, तरी ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्या घरी ज्वारी पोचत नाही.

१९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, त्या वर्षी उपलब्ध असलेले धान्य १९४१ सालाहून कमी नव्हते. युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले; मजुरी मात्र मागे राहिली. त्यामुळे शेतमजूर, मच्छीमार व ग्रामीण कारागीर हे प्रथम बळी पडले.

संकटाची झळ प्रथम कोणास लागते?

भूमिहीन मजूर, एकट्या स्त्रिया, वृद्ध, अपंग आणि मजुरीसाठी गाव सोडून जाणारी कुटुंबे यांस ही झळ प्रथम लागते. ज्याचे घरचे धान्य वर्षभर पुरत नाही, असा अल्पभूधारक शेतकरीही त्यांतच मोडतो. प्रथम एक वेळचे जेवण कमी होते, पुढे शेळ्या विकल्या जातात आणि अखेरीस बैल व बियाणेही जाते. बैल गेल्यावर पुढील हंगामाची पेरणी कशी व्हावी? म्हणून मदत बैल विकण्यापूर्वी पोचली पाहिजे.

महाराष्ट्राचा अनुभव

१९७२ च्या दुष्काळात राज्य शासनाने रस्ते, पाझर तलाव व नालाबांध यांची कामे मोठ्या प्रमाणावर काढली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर अशा कामांवर होते. मजुरीमुळे लोकांच्या हाती धान्य विकत घेण्यापुरता पैसा आला आणि मोठी प्राणहानी टळली. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले.

ज्यांस काम करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मात्र शिधावाटपाचाच आधार असतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाऊ लागले. २०२० च्या टाळेबंदीत शिधापत्रिकाधारकांस प्रत्येकी ५ किलो जादा धान्य देण्यात आले. परंतु ज्यांचे नाव यादीत नव्हते किंवा ज्यांची शिधापत्रिका दूरच्या गावी होती, अशा अनेक मजुरांचे हाल झाले. योजना कितीही चांगली असली, तरी यादीतून सुटलेल्या माणसास तिचा उपयोग होत नाही.

गावात काय करावे?

१. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचावी. कोणाचे नाव सुटले आहे, हे शेजाऱ्यांस नेमके ठाऊक असते.

२. कुटुंबातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीचे नाव शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून लागते. तसे ते लागले आहे किंवा नाही, हे पाहावे.

३. ऊसतोडीस वा अन्य कामास बाहेरगावी जाणाऱ्यांस, तेथील रास्तभाव दुकानातूनही आपले धान्य घेता येते, हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

४. गरोदर व स्तनदा माता आणि ६ वर्षांखालील बालके यांची अंगणवाडीत नोंद झाल्याची खात्री करावी.

५. हक्काचे धान्य न मिळाल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करण्यास साहाय्य करावे.

ही कामे सुगीच्या दिवसांतच उरकावीत. संकट दाराशी आल्यावर यादी दुरुस्त करण्यास उसंत मिळत नाही. शेतकरी बांधवांनी पिकविलेला दाणा गावातील सर्वांत दुबळ्या घराच्या चुलीपर्यंत पोचला, तरच त्यांच्या श्रमांचे खरे सार्थक झाले असे म्हणता येईल.